मुलगी पाण्यावर चालते

त्या वॉर्डात माणसापेक्षा फाईलवर जास्त विश्वास होता, आणि त्यात काही चुकीचं आहे असं कुणाला वाटत नव्हतं. माणूस सकाळी एक सांगतो, दुपारी दुसरंच. फाईल एकदा जे बोलली ते बोलली. शिवाय फाईल ओरडत नाही, गोळ्या थुंकत नाही आणि तिला आंघोळ घालावी लागत नाही.

वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. दारं दोन, आणि एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नसे. खिडक्या चार बोटं उघडत. खुर्च्या मुद्दाम जड आणल्या होत्या, कुणी कुणावर फेकू नयेत म्हणून. त्यामुळे त्या कुणाला पुढेही ओढता येत नसत आणि बोलणारी माणसं एकमेकांपासून कायम दोन हात लांब बसत. भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी होती: 'या वॉर्डात वेडा, वेडी, वेड हे शब्द वापरू नयेत.' येणारा प्रत्येक जण ती मोठ्याने वाचायचा. त्यामुळे ते शब्द दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी कानांवर पडत.

इथल्या सायकॉलॉजिस्ट बाईंना अकरा वर्षं झाली होती. औषधं लिहायचा अधिकार मोठ्या डॉक्टरांचा, ती घशाखाली उतरवायचा इन्चार्ज सिस्टरचा आणि बोलायचा बाईंचा. तसे पेशंटही बोलत, पण त्यांचं बोलणं हे लक्षण होतं आणि बाईंचं बोलणं हा उपचार.

बाईंची खोली पूर्वी चादरी ठेवायची होती. फडताळावर अजून 'उशांचे अभ्रे' अशी चिठ्ठी होती आणि त्याखाली बाईंची पुस्तकं. टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा. पेशंट आला की बाई एका कागदावर मधोमध उभी रेघ मारायच्या. एका बाजूला लिहायच्या 'बाजूने', दुसऱ्या बाजूला 'विरुद्ध'. मग पेन त्याच्या हातात देऊन गोड आवाजात विचारायच्या, "आता सांगा, पुरावा काय?"

यावरून त्यांचं नाव पडलं पुराव्याच्या बाई. त्यांना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

बाई कामाला वाईट होत्या असं मात्र कुणी समजू नये. दाढेत रेडिओ बसवलाय म्हणून दाढ पक्कडीने उपटायला निघालेल्या माणसाला त्यांनी तीन महिन्यांत शांत जेवायला लावलं होतं. घाईने कुणाला खोटं पाडायचं नाही, समोरच्याला स्वतःच पुरावा तोलू द्यायचा, ही त्यांची रीत. रीत चांगलीच होती. फक्त तराजू कुणाच्या हातात आहे, हे त्या हळूहळू विसरून गेल्या होत्या.

काजकाकू आल्या तेव्हा त्यांची अवस्था खरोखर वाईट होती, हेही सांगायला हवं. बाजारात त्यांचं काज-बटण, फॉल आणि अल्टरेशनचं टीचभर दुकान. नवरा गेल्याला बरीच वर्षं झालेली. दोन महिने त्यांना शिलाई मशीनमधून आवाज येत होते, मग नळातून, शेवटी मोबाईलमधून. मोबाईल त्यांनी पाण्याच्या बादलीत टाकला आणि वर झाकण ठेवून त्यावर बसून राहिल्या. दोन दिवसांनी शेजारणीने त्यांना तिथून उठवून आणलं. शेजारीण घाईत होती, ती दुसऱ्याच दिवशी घर बदलून आपल्या मुलाकडे राहायला जाणार होती. चार प्रश्नांची उत्तरं दिली, सही केली आणि गेली.

त्या दिवशीच्या ड्युटी डॉक्टरने घाईघाईत हाताने सगळं लिहून घेतलं. टायपिस्टने ते टाईप केलं, मूळ कागद मागे टाचला आणि त्यानंतर तो कुणी उलटून पाहिला नाही. टाईप केलेल्या पानावर होतं: 'जवळचे नातेवाईक: कोणी नाही.' आणि खाली, पेशंटच्या शब्दांत: 'नवरा रस्त्यावर चालायचा, मुलगी पाण्यावर चालते.'

नवऱ्याच्या चालण्याला कुणी हरकत घेतली नाही. मुलीचं चालणं मात्र लाल शाईने अधोरेखित झालं. पुढच्या पानावर 'मुलगी पाण्यावर चालते असा भ्रम' झालं, त्याच्या पुढच्यावर 'मुलगी असल्याचा भ्रम', आणि मग प्रत्येक जण मागचं पान बघून पुढचं लिहीत गेला. महिनाभरात तेच वाक्य एकोणीस वेळा लिहिलं गेलं. एकोणीस वेळा लिहिलेल्या गोष्टीला कोण काय म्हणणार?

तीन आठवड्यांत औषधांनी आवाज गेले. काकू नीट जेवू लागल्या. सुई वॉर्डात चालत नाही, म्हणून धुऊन आलेल्या टॉवेलांच्या कडा नखाने दाबून सरळ करत बसायच्या.

राउंडला मोठे डॉक्टर म्हणाले, "उत्तम. सगळं गेलं, फक्त मुलगी राहिली. मॅडम, तेवढी काढून टाका म्हणजे डिस्चार्ज."

पहिल्याच सत्रात काकू टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाल्या, "बाई, मला लवकर घरी सोडा. माझी लेक जहाजावर असते. महिना-महिना रेंज नसते, पण किनाऱ्याला लागली की पहिला फोन मला. मोबाईल मी बुडवला. आता घरात कोणी सापडलं नाही, तर ती पोरगी सगळं टाकून निघून येईल. तशीच आहे ती, बापावर गेलीय. नोकरी जाईल हो तिची. किती परीक्षा देऊन मिळवलीय."

"जहाजावर काय करते?" बाईंनी विचारलं.

"चालवते की."

बाईंनी टिपणात लिहिलं: 'मुलगी पूर्वी पायी जात असे, आता जहाजाने जाते. भ्रमात तपशिलांची भर पडत आहे. भ्रम पक्का होत असल्याचं लक्षण.' आणि रेघ मारून कागद पुढे सरकवला.

काकूंनी 'बाजूने' खाली लिहिलं: 'मी तिला जन्म दिला.'

"ही भावना झाली, काकू," बाई म्हणाल्या. "पुरावा नाही."

"टाके आहेत पोटावर. दाखवू?"

"टाके कुठल्याही ऑपरेशनचे असू शकतात."

काकूंनी पदर सारखा केला. "असू शकतात," त्या म्हणाल्या. "पण कशाची शिवण आहे हे मला कळतं ना, बाई."

जहाजाचं नाव विचारलं तर काकूंना ते सांगता येईना. नाव लांबलचक होतं, परक्या भाषेतलं, आणि कंपनीने ते मध्येच बदललं होतं. 'विरुद्ध' खाली बाईंनी स्वतः लिहिलं: 'नाव सांगता येत नाही.' फोन नंबर? तो मोबाईलमध्ये होता. 'नंबर सांगता येत नाही.' फोटो? घरी भिंतीवर आहेत, चांगले पाच, एकात टोपी घातलेली आहे, किल्ली शेजारणीकडे. मग शेजारणीला फोन लावायला गेले, तर ती घर बदलून गेलेली आणि तिने लिहून दिलेल्या नंबरातला एक आकडा पुसट. घरी जाऊन बघून येणं हे समाजसेविकेचं काम. ती जागा दोन वर्षं रिकामी होती. काकू म्हणाल्या, "मग तुम्ही चला माझ्याबरोबर, रिक्षाने वीस मिनिटं." बाई समजूतदारपणे हसल्या. पेशंटच्या भ्रमामागे रिक्षा करून जायचं नसतं, हे त्या दर वर्षी शिकाऊ मुलींना शिकवत असत.

तिसऱ्या सत्राच्या आधी बाई कप धुवायला निघाल्या, तेव्हा इन्चार्ज सिस्टर फोनवर कुणाला तरी झाडत होत्या. "अहो बाई, किती वेळा सांगू? रेकॉर्डवर नातेवाईक 'कोणी नाही' आहे. तुम्ही कोणी नाही आहात का? मग तुम्हाला माहिती कशी देणार?" त्यांनी फोन आपटला. "मॅडम, हा सहावा फोन. काजकाकूंची मुलगी म्हणते. शेजारणीकडून कळलं म्हणे. नुसती खरखर, मध्येच तुटतो. सुट्टीसाठी पत्र द्या म्हणते. कसलं पत्र आणि कुठली सुट्टी!"

बाई कप हातात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. त्या क्षणी त्यांच्या मनात काहीतरी हललं, हे खरं. एखाद्या साध्या बाईच्या मनात ते हललं असतं तर तिने 'बघू तरी' म्हणून पुढचा फोन स्वतः घेतला असता. पण बाईंना अकरा वर्षांचा अनुभव होता. नातेवाईक आणि शेजारीपाजारी दया येऊन पेशंटच्या हो ला हो करतात, हे त्यांनी शंभर वेळा पाहिलं होतं. जी शेजारीण भरती करून गेली, तिनेच कुणाला तरी हाताशी धरलं असणार. त्यांनी ऑर्डरच्या वहीत स्वच्छ अक्षरांत लिहिलं: 'असे फोन रुग्णाच्या भ्रमाला खतपाणी घालतात. रुग्णास देऊ नयेत, रुग्णासमोर उल्लेख करू नये.' खाली वळणदार सही.

घरी संध्याकाळी भाजी चिरता चिरता त्यांनी सासूबाईंना हे सगळं सांगितलं, अर्थात नाव-गाव वगळून. सासूबाईंना वॉर्डातल्या गोष्टी आवडायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि असली तर?"

"काय असली तर?"

"मुलगी गं."

"अहो आई, असती तर इतक्या दिवसांत भेटायला आली नसती का?"

"माझी लेक तरी कुठे येते दोन-दोन वर्षं?" सासूबाई म्हणाल्या. "पण आहे."

"आई, गप्प बस," आतून नवरा ओरडला. "नाहीतर पुरावा मागेल तुझ्याकडे." तिघंही हसली आणि विषय तिथेच संपला.

काकूंची खरी ओढ घराची होती, ती दिवसेंदिवस वाढत गेली. चौथ्या सत्रात त्या रडल्या. पाचव्यात चिडल्या, तेव्हा एक गोळी वाढली. सहाव्यात काही बोलल्याच नाहीत. कागदाची कडा नखाने दाबत राहिल्या. बाई चिकाटीच्या. त्यांनी त्यांना शिकवलं की मुलगी मनात आली तर भांडायचं नाही, तिला हाकलायचं नाही, फक्त लक्ष द्यायचं नाही. आजूबाजूच्या पाच वस्तू मोजायच्या, मग स्वतःला विचारायचं, पुरावा काय? काकू दुपारी अंथरुणावर बसून मोजताना दिसत. खिडकी, टॉवेल, पाटी, बादली, दार.

सातव्या सत्राला त्या स्वतःहून वेळेआधी आल्या.

"बाई, मी विचार केला," त्या म्हणाल्या. "ते आवाज मला अगदी खरे वाटायचे. तुमच्या आवाजाइतके खरे. ते खोटे निघाले. आता ज्या डोक्याने ते खरे मानले, त्याच डोक्यात मुलगी आहे. एकाच दोऱ्याच्या दोन शिवणी. एक उसवली, मग दुसरी तेवढी पक्की असं कसं म्हणू?"

बाईंनी फाईल जवळ ओढली.

"मला मुलगी नाही," काकू म्हणाल्या. मग थोडं थांबून, जरा ओशाळून, "आणि खरं सांगू का? हलकं वाटलं. मुलगीच नाही, तर नोकरी कुणाची जाणार? काल सकाळपर्यंत झोपले मी, पहिल्यांदाच."

बाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. तसा तो भरून यावा म्हणूनच माणूस या धंद्यात पडतो. 'आजाराची जाणीव' या ओळीत आहे, अंशतः, नाही असे तीन चौकोन असतात. त्यांनी पहिल्या चौकोनात अशी ठसठशीत खूण केली की ती खालच्या दोन पानांवर उमटली.

पुढच्या सोमवारी सगळ्यांच्या मीटिंगमध्ये बाईंनी ही केस पडद्यावर दाखवली. शीर्षक दिलं होतं 'सात सत्रांत भ्रमनिरास'. मोठ्या डॉक्टरांना ते फार आवडलं. या शब्दाला दुसराही एक रोजचा अर्थ आहे, हे त्या खोलीतल्या एकालाही सुचलं नाही. टाळ्या पडल्या. काकूंचा डिस्चार्ज गुरुवारी ठरला. जवळचं कोणी नसल्यामुळे त्यांना घरी एकटं सोडता येत नव्हतं, तेव्हा दुपारी दोनला महिला निवाऱ्याची गाडी येऊन त्यांना घेऊन जाणार होती. काकूंनी तेही मान हलवून ऐकून घेतलं. बऱ्या झालेल्या माणसाची ती खूणच.

गुरुवारी साडेअकराला पहिलं दार वाजलं, बंद झालं, मग दुसरं उघडलं आणि पाठीवर पोतंभर सामान घेतलेली तिशीची एक बाई आत आली. केस कानाच्या वर कापलेले. चेहरा आणि मान कॉलरपर्यंत उन्हाने रापलेली, त्याखाली गोरी. पाय किंचित फाकून उभी राहिली, फरशीवर तिचा फारसा भरवसा नसावा अशी. तिने पाटी वाचली, पण मनात.

"माझी आई इथे आहे," ती म्हणाली.

इन्चार्ज सिस्टरनी सवयीने फाईल ओढली. "रेकॉर्डवर..."

"कोणी नाही. माहितीय. अकरा वेळा ऐकलंय." तिने एकामागून एक कागद काउंटरवर ठेवले. पासपोर्ट. जन्माचा दाखला, आईच्या नावासकट. जहाज चालवतात त्या केबिनमध्ये टोपी घालून उभी असल्याचा फोटो. मग एक घडी घातलेली चिठ्ठी. "आणि हे तुमच्याच एका सिस्टरनी फोनवर वाचून दाखवलं, ते मी लिहून घेतलं. 'असे फोन भ्रमाला खतपाणी घालतात.' खतपाणी म्हणजे मी. सही कुणाची आहे याच्याखाली?"

बाई मागेच उभ्या होत्या. हातात काकूंच्या डिस्चार्जचा कागद.

"माझी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे महिनाभर केलं नव्हतं ते केलं. फाईलचं पहिलं पान उलटलं आणि मागे टाचलेला हाताने लिहिलेला कागद वाचला. ड्युटी डॉक्टरचं अक्षर भयंकर होतं, पण डोळे फाडून बघितल्यावर लागत होतं. शेजारीण म्हणाली होती, 'तिचं इथे कोणी नाही.' रकाना लहान, म्हणून टायपिस्टने 'इथे' गाळलं. आणि काकू म्हणाल्या होत्या, 'नवरा रस्त्यावर चालवायचा, मुलगी पाण्यावर चालवते.' ट्रकवाल्याची बायको ती. ट्रकवाल्यांच्या घरात असंच बोलतात. काय चालवतो हे सांगावं लागत नाही, फक्त कुठे चालवतो ते सांगायचं. टायपिस्टला दोन्हीकडे कर्म सापडेना. त्याने दोन्ही ठिकाणचा 'व' काढून टाकला आणि वाक्य शुद्ध केलं. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात असं वाक्य टाईप करताना त्याचा हात थबकला असता. या वॉर्डात ते अगदी चपखल वाटलं.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांना स्वतःची शिसारी आली. एक 'व' टायपिस्टने खाल्ला, हे खरं. पण बाकीची अख्खी मुलगी त्यांनी एकटीने खाल्ली होती, सात सत्रांत, घास घास करून.

काकूंना चादरींच्या खोलीत बसवलं. त्यांची पिशवी भरून तयार होती. बाई मुलीला घेऊन आत आल्या. काकूंनी वर पाहिलं. एक क्षण त्यांचा चेहरा असा उजळला की बाईंना वाटलं, सुटलो. मग काकूंनी सावकाश मान वळवली आणि बाईंकडे बघून मंद हसल्या.

"बघा, परत दिसायला लागली," त्या म्हणाल्या. "केस कापून आलीय या वेळी. पण मी लक्ष देत नाहीये. खिडकी, टेबल, पेन, कागद, पिशवी."

"आई," मुलगी म्हणाली.

"खिडकी," काकू म्हणाल्या. "टेबल."

"काकू, ही खरी आहे," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे. ही तुमचीच मुलगी आहे."

काकूंनी त्यांच्याकडे अतिशय प्रेमाने पाहिलं. आपल्या बाई थकल्यात, असं काहीसं त्या नजरेत होतं. "असं तुम्हाला वाटतंय, बाई," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पुरावा काय?"

मुलीने पासपोर्ट पुढे धरला. काकूंनी तो बघितलाही नाही. आवाज सुरू असताना नळातून बँकेची पासबुकंही निघाली होती म्हणे. मुलगी म्हणाली, दुसरीत असताना माझं बोट मशीनच्या सुईखाली आलं होतं, आठवतं? तू फडक्याने बांधलंस आणि बाबांना सांगितलं नाहीस. काकूंनी मान हलवली. "आवाजांनाही माझं सगळं माहीत होतं," त्या बाईंना म्हणाल्या. "माझ्याच डोक्यातले ते. मला ठाऊक आहे तेवढंच सांगणार ना? याला पुरावा म्हणत नाहीत. तुम्हीच शिकवलंत." आणि त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला, मधोमध सरळ रेघ मारली आणि तो बाईंपुढे सरकवला.

बाईंना मदत करायला त्या खोलीत तज्ज्ञ फक्त एकच होती, आणि ती पेशंटच्या खुर्चीत बसली होती.

मुलगी पुढे झाली. जी खुर्ची अकरा वर्षांत कुणाला हलली नव्हती ती तिने दोन हिसक्यांत ओढून आईच्या गुडघ्यांना टेकवली आणि समोर बसली. मग कंटाळल्यासारखी, पुरावा-बिरावा सगळं सोडून, जे सांगायचं ते सांगून टाकलं.

"नोकरी सोडून आलेय मी, आई."

काकूंची बोटं कागदाच्या कडेवर थांबली.

"सुट्टीला हॉस्पिटलचं पत्र लागतं म्हणाले कप्तान. पत्र मिळेना. फोनवर तू आहेस की नाहीस तेही कुणी सांगेना. परवा बंदराला लागलो, तिथून उतरले आणि परत चढलेच नाही. करार मोडला की पुन्हा घेत नाहीत."

"किती राहिला होता करार?" काकूंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"तीन महिने."

"तीन महिने," काकू म्हणाल्या. "फक्त तीन महिने?" आणि मग त्या अशा कडाडल्या की काउंटरवर इन्चार्ज सिस्टर उभ्या राहिल्या. "तीन महिने तुला थांबता आलं नाही? रात्र रात्र जागून अभ्यास केलास, तुझ्या फीसाठी मी जगाची बटणं लावली, आणि तू अशी उतरून आलीस? वेड लागलंय का तुला? वेडी आहेस का, बिनडोक? आई मरत होती का?"

"मला काय माहीत!" मुलगीही ओरडली. "तेच तर कुणी सांगत नव्हतं!"

सिस्टर दारात आल्या होत्या. त्यांचं बोट नकळत पाटीकडे गेलं आणि अर्ध्यात थांबलं.

काकू धापा टाकत होत्या. त्यांनी मुलीचं मनगट धरलं होतं, रागाने, मारायला धरतात तसं. ते धरलेलं आहे हे त्यांच्या आता लक्षात आलं. त्या मनगटाकडे त्यांनी नीट पाहिलं आणि ते सोडलं नाही.

"बाई," त्या हळू म्हणाल्या, "ही खरी आहे."

बाईंनी काही विचारलं नाही. विचारायची त्यांची हिंमतच नव्हती. पण काकू शिकवलेलं विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनीच सांगितलं. "आवाजांची मला भीती वाटायची. राग कधी आला नाही. राग हिचाच येतो." आणि मग त्या रडायला लागल्या. "म्हटलं होतं ना तुम्हाला पहिल्या दिवशी? नोकरी जाईल तिची म्हणून? म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतं," बाई म्हणाल्या.

दोनला निवाऱ्याची गाडी आली आणि रिकामी परत गेली. बाईंनी फाईल उघडली. निदान एवढं तरी आत्ताच, यांच्या डोळ्यांदेखत करायचं, म्हणून त्यांनी पहिल्या पानावरच्या 'चालायचा' आणि 'चालते' या दोन्ही शब्दांत वर खूण करून एकेक 'व' घातला. नवरा रस्त्यावर चालवायचा, मुलगी पाण्यावर चालवते. बाजूला तारीख, आद्याक्षर, नियमाप्रमाणे.

काकूंनी डोळे पुसत उलट्या बाजूने ते वाचलं. काजाचे टाके बघून बघून त्यांची नजर बारीक झाली होती.

"आता काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "खोडा तो. नाही चालवत ती आता."

बाईंनी पेन टेकवलं आणि थांबल्या. "खोडला तर परत 'चालते' होईल, काकू."

काकूंनी त्यावर विचार केला. मुलीचं मनगट अजून त्यांच्या हातात होतं.

"मग हिच्या बापाचं लिहिलंय तसं लिहा," त्या म्हणाल्या.

बाईंनी 'चालवते' खोडलं आणि वर, उरलेल्या बोटभर जागेत, लहान अक्षरांत लिहिलं: चालवायची.